चाकोरीबाहेरचा माणूस आणि त्याला दिलेली नावे

'चाकोरी' हा आपल्या बोलण्यातला नेहमीचा शब्द. बैलगाडीच्या चाकांनी वाटेवर जी दुहेरी खाच पडते, ती चाकोरी. एकदा ती खोल झाली म्हणजे गाडी हाकणाऱ्याला फारसे कष्ट उरत नाहीत. बैल आपोआप चालतात आणि गाडीवान डुलकी घेऊ शकतो. समाजाचेही असेच आहे. शे-दोनशे वर्षे एकाच वाटेने गाड्या गेल्या की वाट खोल होते आणि तिच्यातून चाक बाहेर काढणारा माणूस सर्वांच्या डोळ्यांत भरतो. त्या माणसाला काय म्हणावे, हा प्रश्न प्रत्येक पिढीसमोर आलेला आहे. प्रत्येक पिढीने आपापले उत्तर दिले आणि ते उत्तर भाषेत राहून गेले.

पाखंडी, मानभावी, भ्रष्ट, अवलिया, कलंदर, विक्षिप्त, तऱ्हेवाईक, एककल्ली, चक्रम, सुधारक, बंडखोर — ही नावे आपण रोज उच्चारतो. नाण्याची किंमत पाहावी आणि त्यावरचा छाप पाहू नये, तसे आपण हे शब्द वापरतो. परंतु छाप पाहिला तर त्यात इतिहास दिसतो. तो इतिहास चाकोरीबाहेर गेलेल्या माणसांचा आहेच. त्याहून अधिक तो चाकोरीत राहिलेल्यांचा, म्हणजे नावे ठेवणाऱ्यांचा आहे. आज त्याच दृष्टीने यांपैकी काही शब्दांचा मागोवा घ्यावयाचा आहे.

प्रथम 'पाखंड' हा शब्द घेऊ. एखाद्याला पाखंडी म्हणणे म्हणजे त्याला ढोंगी, धर्मबुडवा ठरविणे, असे आपण समजतो. पण हा शब्द जन्मतः शिवी नव्हता. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने जे लेख खडकांवर कोरविले, त्यांत 'पासंड' हा शब्द वारंवार येतो आणि त्याचा अर्थ केवळ 'पंथ' किंवा 'संप्रदाय' एवढाच आहे. गिरनारच्या खडकावरचा बारावा लेख तर सगळाच पासंडांविषयी आहे. स्वतःच्या पंथाला अशोक 'आत्मपासंड' म्हणतो आणि दुसऱ्याच्या पंथाला 'परपासंड'. शब्द दोघांनाही एकच. जो आपल्या पंथाची स्तुती करण्याच्या भरात दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो वस्तुतः आपल्याच पंथाचे नुकसान करतो, असा त्या लेखाचा आशय आहे. हे लेख आपल्याला दूरचे नाहीत. ठाण्याजवळच्या सोपाऱ्यास १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा सापडला आणि पुढे १९५६ मध्ये नवव्याचाही मिळाला. म्हणजे अशोकाची ही भाषा कोकणच्या किनाऱ्यापर्यंत पोचली होती.

पुढे काय झाले? मनुस्मृतीत येईपर्यंत पासंडी माणूस जुगारी आणि क्रूर लोकांच्या रांगेत बसला. राजाने अशांना नगरातून हाकलून द्यावे, असे तेथे सांगितले आहे. शब्द तोच, पण त्यामागचा समाज बदलला. अनेक पंथ असणे ही जेथे वस्तुस्थिती मानली जात होती, तेथे 'वेगळा पंथ' म्हणजेच 'खोटा पंथ' असे समीकरण झाले. खुद्द अशोकाच्या बिरुदाचीही अशीच दशा झाली. 'देवानां प्रिय', देवांचा लाडका, हे सम्राटाचे सन्मानाचे नाव. उत्तरकालीन संस्कृत व्याकरणात त्याचा अर्थ 'मूर्ख' असा दिलेला आढळतो. भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदीमुळे तो पढिकांच्या तोंडी बसला. यामागे बौद्धद्वेष होता की नुसता बोलण्यातला उपहास, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. परंतु आदराचा शब्द टिंगलीचा कसा होतो याचे हे उत्तम उदाहरण आहे.

हे केवळ आपल्याकडेच झाले असे नाही. इंग्रजीत धर्मबाह्य मताच्या माणसाला 'हेरेटिक' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'निवड करणे' एवढाच. ज्याने आपली वाट स्वतः निवडली तो हेरेटिक. आणि निवडणे हाच पुढे अपराध ठरला, इतका की मध्ययुगीन युरोपात त्यासाठी माणसे जिवंत जाळली गेली. 'एक्सेंट्रिक' हा दुसरा शब्द खगोलशास्त्रातून आला. ज्याच्या भ्रमणाचा मध्य ठरलेल्या ठिकाणी नाही, तो एक्सेंट्रिक. येथे शिवी नाही, जाळणे नाही. येथे माणूस फक्त मध्यापासून सरकलेला आहे. मध्य कोणी ठरविला, हा प्रश्न मात्र तो शब्द विचारू देत नाही.

आता खास मराठी मातीतला शब्द पाहू : 'मानभावी'. वरून गोड, आतून कपटी अशा माणसाला आपण मानभावी म्हणतो. हा शब्द महानुभाव पंथाच्या नावावरून आला आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी मराठीत धर्म सांगितला, जातीची उतरंड मानली नाही, विटाळाचा बाऊ केला नाही, स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ 'लीळाचरित्र' त्यांच्याच आठवणींचा; तो म्हाइंभटांनी संकलित केला. महदंबेसारखी कवयित्री याच पंथातली. असा हा पंथ! पण समाजाने त्याला जवळ केले नाही. पंथानेही आपले ग्रंथ 'सकळ' लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद करून ठेवले आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ते बाहेरच्यांना वाचता आले नाहीत. ज्यांचे ग्रंथ वाचता येत नाहीत, त्यांच्याविषयी वाटेल ते बोलता येते. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण घराघरांत रुजली.

या म्हणीकडे थोडे बारकाईने पाहावे. निंदा करणाऱ्यालाही एक गोष्ट नाकारता आलेली नाही : मानभावाची बोलणी मृदू असते. अहिंसेचे कडक व्रत पाळणाऱ्या साधूंची वाणी मृदू असणारच. मग ती मृदुता खोटी ठरविल्याखेरीज निंदा उभी राहत नाही, म्हणून तिला कसाबाची करणी जोडली. समोरच्याचा सद्गुण मान्य करून त्यालाच पुरावा म्हणून त्याच्यावर उलटविणे, ही नावे ठेवण्याची जुनी रीत आहे. सातशे वर्षांनंतर आपण एखाद्या शेजाऱ्याला मानभावी म्हणतो, तेव्हा चक्रधरांच्या शिष्यांवरचा तो आरोप नकळत पुन्हा करीत असतो.

येथे कोणी म्हणेल की, आपल्या समाजाने चाकोरी सोडणाऱ्यांचा गौरवही केला आहे. ही गोष्ट खरी आहे. 'अवधूत', 'परमहंस', 'अवलिया', 'कलंदर' ही नावे पाहा. अवधूत म्हणजे ज्याने सर्व बंधने झटकून टाकली तो. परमहंसाला वर्णाश्रमाचे नियम लागू नाहीत. 'अवलिया' हा अरबी शब्द 'वली' या शब्दाचे अनेकवचन. वली म्हणजे ईश्वराचा निकटवर्ती. 'कलंदर' हा फारसीतून आलेला, भटक्या फकिरांच्या एका परंपरेचा. मराठीने दोघांनाही घरचे करून घेतले. अवलिया म्हटले की आपल्या मनात राग येत नाही, कौतुकच येते. तो कोठेही निजतो, कोणाच्याही हातचे खातो, राजालाही फटकारतो. आणि आपण त्याच्या पाया पडतो.

मग याच समाजाने दुसऱ्यांना पाखंडी आणि भ्रष्ट का म्हटले? मला वाटते, याचे उत्तर उंबरठ्यात आहे. अवधूत, परमहंस, अवलिया, कलंदर हे सगळे घराबाहेर पडलेले लोक आहेत. त्यांना मुलीचे लग्न करावयाचे नाही, श्राद्धाला ब्राह्मण बोलवावयाचा नाही, जेवणाच्या पंगतीत बसावयाचे नाही. त्यांच्या स्वातंत्र्यामुळे कोणाच्या चुलीला धक्का लागत नाही. आपल्या समाजाने स्वातंत्र्य दिले, पण ते उंबरठ्यापलीकडे दिले. घरात राहून, बायकामुलांसह, त्याच गल्लीत, त्याच पाणवठ्यावर वेगळे वागणारा माणूस मात्र त्याला सहन झाला नाही.

विठ्ठलपंतांची कथा या दृष्टीने आठवावी. परंपरा सांगते की, ते काशीस जाऊन संन्यासी झाले. तेव्हा समाजाने त्यांना काही म्हटले नाही. गुरूच्या आज्ञेने ते आळंदीस परत आले आणि संसार करू लागले, तेव्हा आकाश कोसळले. घर सोडणे हा अपराध नव्हता. परत येणे हा अपराध होता. त्यांच्या चार मुलांना जे नाव मिळाले ते 'संन्याशाची पोरे'. त्या चौघांत ज्ञानेश्वर होते आणि मुक्ताबाई होती, हे नाव ठेवणाऱ्यांच्या गावीही नव्हते.

स्त्रीला तर उंबरठ्यापलीकडची सवलतही सहज मिळाली नाही. शिऊरच्या बहिणाबाई सतराव्या शतकातल्या. ब्राह्मण घरातल्या या विवाहित स्त्रीने तुकोबांना गुरू मानले, म्हणून पतीने त्यांना मारझोड केली. हे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगून ठेवले आहे. घर न सोडता मनाने स्वतंत्र होण्याची किंमत काय असते, याचा इतका जुना आणि स्वतःच्या शब्दांतला दाखला मराठीत दुसरा क्वचितच सापडेल. अवलिया या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप आपल्या भाषेत रूढ झाले नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

एकोणिसाव्या शतकात मात्र हा उंबरठ्याचा प्रश्न ऐरणीवर आला, कारण आता वेगळे वागू पाहणारे लोक शिक्षक, कारकून, न्यायाधीश आणि संपादक होते. ते संसारी होते आणि त्यांना संसारातच राहावयाचे होते. त्यांच्याविरुद्ध जुने हत्यार होते ते 'ग्रामण्या'चे. ग्रामण्य म्हणजे नुसते भांडण नव्हे. ती गावाने चालविलेली एक रीतसर कारवाई असे. एखाद्यावर आरोप ठेवावयाचा, त्याचा पंक्तिव्यवहार व बेटीव्यवहार तोडावयाचा, आणि तो प्रायश्चित्त घेईपर्यंत त्याला वाळीत टाकावयाचे. या प्रकरणांची संख्या आणि व्याप्ती एवढी की, प्रबोधनकार ठाकरे यांना १९१९ मध्ये 'ग्रामण्यांचा साद्यंत इतिहास' असा स्वतंत्र ग्रंथच लिहावा लागला.

या हत्याराच्या धाकाने पहिली पिढी गुप्तपणे वागली. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी जातिभेद न मानणारी एक सभा काढली. तिला नाव दिले 'परमहंस सभा'. जुन्या परंपरेतला जो शब्द घराबाहेरच्या माणसाला पूर्ण मुभा देतो, तोच या गृहस्थांनी स्वतःसाठी घेतला. पण ती मुभा त्यांना बंद दाराआड घ्यावी लागली. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीस गेली आणि नुसत्या नाव फुटण्याच्या भीतीने सभा मोडली. यानंतर १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी आपल्या समाजाला 'सत्यशोधक' हे नाव उघडपणे दिले. दुसऱ्याने नाव ठेवण्याआधी आपणच आपले नाव सांगावयाचे, ही रीत येथे सुरू झाली.

'सुधारक' या शब्दाची कथा याच रीतीची आहे. आगरकरांच्या काळी पुण्यात सुधारक म्हणजे चहाबिस्कुटे खाणारा, बूट घालून जेवणारा, साहेबाची नक्कल करणारा, असा सर्वसाधारण समज होता आणि तो शब्द नाक मुरडून उच्चारला जाई. १८८७ मध्ये गोपाळ गणेश आगरकर 'केसरी'च्या संपादकपदावरून दूर झाले आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजी त्यांनी नवे साप्ताहिक काढले. त्याला सौम्य, सर्वांना रुचेल असे नाव देता आले असते. आगरकरांनी नाव दिले 'सुधारक'. ज्या शब्दाने लोक त्यांना हिणवीत, तोच त्यांनी पत्राच्या डोक्यावर छापला. याबद्दल त्यांना काय सोसावे लागले, ते प्रसिद्ध आहे. जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली गेली. १७ जून १८९५ रोजी, वयाची चाळिशीही न गाठता, ते गेले. पण शब्दाचे काम झाले होते. आज सुधारक म्हणणे हा मराठीत मान आहे. हा बदल आपोआप झाला नाही. एका गृहस्थाने तो स्वतःच्या आयुष्याची सात वर्षे देऊन घडवून आणला.

येथे एक भेद सांगितला पाहिजे, नाहीतर हा विषय चाकोरी सोडणाऱ्या प्रत्येकाच्या आरतीत संपेल. वेगळे वागणे निराळे आणि स्वतंत्रपणे विचार करणे निराळे. गोपाळराव जोशी यांचे उदाहरण बोलके आहे. डाकखात्यातल्या या गृहस्थाने हट्टाने पत्नीला शिकविले आणि १८८३ मध्ये तिला एकटीला अमेरिकेस पाठविले. आनंदीबाई १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्या काळी दुसऱ्या कोणा मराठी गृहस्थाची अशी छाती झाली नसती. पण याच गोपाळरावांनी १८९० मधल्या पंचहौद मिशनच्या चहाच्या प्रसंगी तेथे उपस्थित असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात जाहीर होतील अशी व्यवस्था केली, आणि रानडे, टिळक, गोखले प्रभृती मंडळी ग्रामण्यात सापडली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. १८९२ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले आणि त्यावरून त्यांचे स्नेहीही नाराज झाले. गोपाळरावांना लोक 'विक्षिप्त' म्हणत, ते पूर्णपणे चुकीचे नव्हते. विक्षिप्त म्हणजे फेकला गेलेला, ठिकाणावर नसलेला. त्यांच्या वागण्यात धैर्य होते, पण ते धैर्य एके दिवशी पत्नीच्या शिक्षणाकडे जाई, तर दुसऱ्या दिवशी इतरांची फजिती पाहण्याकडे. आगरकर मात्र ठिकाणावर होते. आपण का वेगळे वागतो, हे ते दर आठवड्याला लिहून सांगत आणि वाचकाला उत्तर देण्याची संधी देत.

हाच निकष मला महत्त्वाचा वाटतो. स्वतंत्र विचाराचा माणूस आपल्या वागण्याचे कारण सांगतो आणि त्याची किंमत स्वतः मोजतो. केवळ तऱ्हेवाईक माणूस कारण सांगत नाही, आणि पुष्कळदा किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.

आणि तरीही या दोघांना एकच नाव देण्याचा मोह समाजाला होतो, कारण ते सोयीचे असते. एकाच घराण्यातली दोन माणसे पाहा. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला. त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांना घरात घेतले तर त्यांच्या आईभावंडांनाही वाळीत टाकू, असे ठरविले. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, पुढे महिला विद्यापीठ उभारले, आणि १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. 'भ्रष्ट' या शब्दापासून 'महर्षी' या शब्दापर्यंतचा प्रवास एका माणसाच्या हयातीत झाला. त्यासाठी त्यांना शंभर वर्षे जगावे लागले.

त्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांना ती सवड मिळाली नाही. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. या मतांपायी १९२५ मध्ये प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. अश्लीलतेचे खटले झाले; १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले, तरी दंड व्हावयाचा तो झालाच. लोकांनी रघुनाथरावांना एककल्ली म्हटले, चक्रम म्हटले. ते मरण पावले १९५३ मध्ये. आणि आदल्याच वर्षी, १९५२ मध्ये, भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला होता! म्हणजे एका बाजूला ज्याचे म्हणणे सरकारी धोरण होत होते, त्याच माणसाला दुसऱ्या बाजूला समाज चक्रम म्हणत होता. 'चक्रम' या शब्दाचा हाच उपयोग आहे. एकदा तो लावला की त्या माणसाच्या मुद्द्याला उत्तर देण्याची जबाबदारी संपते.

येथे सर्व शब्द एका ओळीत उभे राहतात. 'पाखंडी' आणि 'भ्रष्ट' म्हणून आपण माणसाला बाहेर घालवितो. 'चक्रम' आणि 'तऱ्हेवाईक' म्हणून त्याला हसण्यावारी नेतो. 'अवलिया' आणि 'महर्षी' म्हणून त्याला इतका उंच बसवितो की त्याचे अनुकरण करण्याचा प्रश्नच उरू नये. तिन्ही तऱ्हांत एक गोष्ट टळते : त्याचे म्हणणे खरे की खोटे, याचा विचार.

हा सगळा जुना इतिहास आहे, असे समजून स्वस्थ बसण्याची सोय नाही. बहिष्काराला आळा घालण्यासाठी मुंबई राज्याने १९४९ मध्ये कायदा केला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, जातपंचायतींनी माणसे वाळीत टाकण्याचे प्रकार चालूच राहिले, आणि २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा संमत केला. तो २०१७ मध्ये अमलात आला. जातपंचायतींच्या या जाचाविरुद्ध ज्यांनी अखेरच्या काळात मोहीम चालविली ते डॉ. नरेंद्र दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात, सकाळी फिरावयास निघाले असता, गोळ्या घालून मारले गेले. तेही संसारी गृहस्थ होते, घर सोडून गेलेले नव्हते. आपल्या म्हणण्याची कारणे ते गावोगाव सभांतून सांगत आणि विरोधकांचे प्रश्न ऐकून घेत. आगरकरांची प्रेतयात्रा लटकी होती, ही खरी होती. सव्वाशे वर्षांत आपण किती पुढे आलो, याचा हिशेब ज्याने त्याने मांडावा.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून महाराष्ट्रात उन्हाळ्याच्या संध्याकाळी लोक जमतात आणि न पटणारी मतेही ऐकून घेतात. ही सवय लहान नाही. अशोकाने बाराव्या लेखात पंथांनी एकमेकांचे ऐकावे असे सांगितले, तीच ही सवय. भाषेतले शब्द आपण एका दिवसात बदलू शकत नाही. मानभावी हा शब्द उद्या कोशातून जाणार नाही. परंतु शब्द जिभेवर येणे आणि तो समोरच्यावर फेकणे यांच्यामध्ये एक क्षण असतो. त्या क्षणात एवढेच विचारावे, की या माणसाने आपले कारण सांगितले आहे काय, आणि आपण ते ऐकले आहे काय. ऐकून घेतल्यावर त्याचे म्हणणे चूक वाटले तर तसे खुशाल म्हणावे. ते नाव ठेवणे नव्हे, ते उत्तर आहे.